बाबांचा पहिला नकार

तुमच्या घरातल्या माणसाची वाचा गेली आणि तो प्रत्येक प्रश्नाला नुसतं ‘हो’ म्हणू लागला, तर त्या ‘हो’चं तुम्ही काय कराल?

उत्तराची घाई करू नका. मी केली होती. त्या ‘हो’ला मी संमती समजले आणि त्या संमतीच्या जोरावर माझ्या वडिलांचं माळव्यातलं, धारचं घर बंद करायला निघाले.

बाबा एका सरकारी कचेरीत कारकून होते. आमच्या घराण्यात कारकुनी जुनीच. पणजोबा संस्थानच्या दप्तरात होते आणि तो अभिमान आमच्याकडे सणासुदीला ताटाबरोबर वाढला जातो. बाबांना त्याचं कौतुक नव्हतं. त्यांचं खरं काम म्हणजे पत्रकं. मोहल्ल्यात नळाला पाणी आलं नाही, पत्रक. वाचनालयातली मराठी पुस्तकं रद्दीत काढायचं घाटलं, पत्रक. बाजारासाठी हिंदीतून, गावातल्या मराठी समाजाच्या मंडळींसाठी मराठीतून. माझी शाळा हिंदी होती, त्यामुळे मराठी वाचायला मी शिकले ती या पत्रकांच्या घड्या घालता घालता. सात वर्षांची असताना मला ‘निवेदन’, ‘निषेध’ आणि ‘ताबडतोब’ हे शब्द वाचता येत होते, ‘ससा’ नंतर आला. बाबांचं जवळजवळ प्रत्येक पत्रक एकाच शब्दाने सुरू व्हायचं. ‘नाही.’ मग पूर्णविराम. मग बाकीचं.

दोन हिवाळ्यांपूर्वी बदनावरहून स्कूटरवर येताना रस्त्यात वासरू आडवं आलं. वासरू वाचलं. बाबांच्या डोक्याला डाव्या बाजूला मार बसला. इंदूरला ऑपरेशन झालं. तीन आठवड्यांनी ते चालत घरी आले, उजव्या हातात थोडा जडपणा, बाकी ठीक. फक्त शब्द नव्हते. डॉक्टर म्हणाले, याला वाचाघात म्हणतात. बुद्धी गेलेली नाही, ऐकू येतं, बरंचसं समजतं. पण मनातली गोष्ट शब्दापर्यंत नेणारा रस्ता तुटलाय.

जन्मभर ‘नाही’ लिहिणाऱ्या माणसाकडे एकच शब्द उरला. ‘हो.’

लोकांना हे पटायचं नाही, कारण संध्याकाळी आई दिवा लावून आरती म्हणू लागली की बाबा तिच्याबरोबर अख्खी आरती म्हणायचे, एक अक्षर न चुकता. भेटायला आलेले नातेवाईक खूश होऊन जायचे. “अहो, हे तर ठणठणीत आहेत.” आरती संपली की बाबांना पाणी मागता येत नसे. पाठ केलेलं वेगळ्या वाटेने येतं, हे आम्हाला पुढे कळलं. तोवर शेजारपाजारचे एकतर त्यांच्याशी बहिऱ्याशी बोलावं तसे ओरडून बोलत, नाहीतर लहान मुलाशी बोलावं तसे. त्याचा मला संताप यायचा. आपणही तेच करतोय हे मात्र दिसत नव्हतं.

मी देवासला राहते. एका खासगी शाळेत शिकवते आणि उरलेल्या वेळात कारखान्यांतल्या ठेक्यावरच्या कामगारांसाठी पत्रकं लिहिते. वळण घरचंच. दर शनिवारी दुपारी शाळा सुटली की इंदूरमार्गे बसने धार, रविवारी संध्याकाळी परत. आईचे गुडघे दुखत होते, बाबांना एकटं सोडवत नव्हतं. म्हणून मी ठरवलं की दोघांना देवासला आणायचं. टेकडीच्या पायथ्याशी तळमजल्यावरच्या दोन खोल्या बघितल्या. तरी मी तत्त्वाची मुलगी आहे, माणसाला न विचारता त्याचं घर हलवणार नाही. मी बाबांसमोर बसले.

“बाबा, देवासला यायचं ना?”

“हो.”

“नक्की?”

“हो.”

खोल्या घेऊन टाकल्या. टेम्पो जूनच्या शेवटच्या रविवारी ठरला.

या सगळ्यात एकाच माणसाला काहीतरी खटकत होतं. कोपऱ्यावर ज्यांचं पोहे-जलेबीचं दुकान आहे ते बाबांचे दोस्त. त्यांच्या दुकानासमोरच्या बाकावर बाबा तीस वर्षं रोज सकाळी बसले आणि रोज भांडले. पाऊस, निवडणूक, बुद्धिबळ, काहीही चालायचं. अपघातानंतर ते रोज पोह्यांचा पुडा घेऊन घरी यायचे, पलंगाशेजारी बसून एकटेच बोलायचे, आणि बाबा हो, हो करायचे. एकदा ते उठता उठता आईला म्हणाले, “भाभी, तीस साल में पेली बार ये आदमी मेरी हर बात पे हाँ बोल रिया हे. मेरे को तो डर लग रिया हे.”

आम्ही हसलो. ते हसले नाहीत.

आमच्या आसपास वाचा-उपचार करणारं कोणी सापडलं नाही. शेवटी इंदूरच्या डॉक्टरांनी एका मुलीचा पत्ता दिला. ती आठवड्यातून दोनदा व्हिडिओवर भेटायची आणि मधल्या दिवसांसाठी टॅबलेटवर एक ॲप द्यायची. ॲपमध्ये चित्र दिसतं, माणसाने त्याचं नाव सांगायचं. जमलं नाही तर ॲप पहिलं अक्षर ऐकवतं, मग अर्धा शब्द, मग पूर्ण. बरोबर आलं की हिरवी खूण, चुकलं की लाल. सुरुवातीला भाषा विचारली जाते. हिंदी की मराठी?

मी क्षणभरही थांबले नाही. मराठी. वाचनालयातल्या मराठी पुस्तकांसाठी रस्त्यावर उतरलेल्या माणसाला परत आणायचं ते मराठीतच आणायचं. आमची माळव्यातली मराठी निम्मी हिंदीत बुडालेली, पुण्याच्या पाहुण्यांसमोर मी नेहमीच थोडी ओशाळायचे. आता मशीन शुद्ध शिकवणार होतं. एका दगडात दोन पक्षी.

पहिले दोन आठवडे बाबा रोज तासभर बसले. होडी आली, नारळाचं झाड आलं, आगगाडी आली. बाबा चित्राकडे बघायचे, ओठ हलवायचे, घाम यायचा, आणि “हो” निघायचा. लाल. हो. लाल.

मग एका रविवारी सकाळी बटाट्याचं चित्र आलं. बाबा बराच वेळ बघत राहिले. मग खाकरले आणि म्हणाले, “आलू.”

हा त्यांचा अपघातानंतरचा पहिला नवा शब्द होता. आमच्या घरात बटाट्याला सगळे आलूच म्हणतात. आईसुद्धा, मीसुद्धा.

ॲपने लाल खूण दाखवली. म्हणालं, पुन्हा प्रयत्न करा. आणि मी, त्यांची मुलगी, त्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “बाबा, बटाटा म्हणा. ब… बटा…”

बाबांनी माझ्याकडे बघितलं. टॅबलेट हातात घेतला, काळजीपूर्वक पलंगावर पालथा ठेवला आणि भिंतीकडे तोंड करून झोपले. पुढचे पाच दिवस त्यांनी त्याला हात लावला नाही.

मी त्या मुलीकडे तक्रार घेऊन गेले, म्हणजे व्हिडिओवर. ती मूळची आमच्याच जिल्ह्यातल्या कुक्षीची, माझ्याहून दोन-तीन वर्षांनी लहान असेल. बाबांना काकाजी म्हणायची. मी ॲपच्या मर्यादा, शब्दांची निवड, रुग्णाचा आत्मसन्मान असं बरंच बोलले. तिने सगळं ऐकून घेतलं.

“दीदी, आलू बोले न?”

“हां.”

“तो मिठाई बाँटनी थी. आपने गलती निकाल दी.”

मग तिने विचारलं की काकाजी घरी कसे बोलायचे, दुकानावर कसे, देवासमोर कसे. मी खरं ते सांगितलं. आईशी मराठी, दोस्ताशी माळवी-हिंदी, देवाशी आजोबांच्या काळची जुनी मराठी, आणि एकाच वाक्यात तिन्ही मिसळून. ती म्हणाली, मग ती मिसळलेली हीच त्यांची भाषा. डोक्यात जे सामान आहे तेच परत लावायचं, नवं आणायचं नाही. ॲपमध्ये आपले फोटो आणि आपला आवाज घालायची सोय होती. मी ते पान उघडूनही बघितलं नव्हतं.

मग ती बाबांकडे वळली. “काकाजी, आज आप हाथी पे बैठके आए?”

“हो,” बाबा म्हणाले.

“बाहर बर्फ गिर रही है?”

“हो.”

मे महिना होता. बाहेर गरम वाऱ्याची लू चालली होती, दारं बंद करून आम्ही कूलरसमोर बसलो होतो. दुसऱ्या ‘हो’नंतर बाबांनी स्वतःच्या कपाळावर हात मारला. त्यांना कळत होतं. आतून ‘नाही’ निघत होतं आणि तोंडातून ‘हो’ बाहेर पडत होता.

ती मुलगी हळू आवाजात म्हणाली, “दीदी, और कुछ पूछा था क्या इनसे? कोई बड़ी बात?”

उत्तर आईने दिलं. “देवासचं विचारलं होतं. हो म्हणाले होते.”

बाबा आईकडे बघत होते, मग माझ्याकडे. त्या नजरेत काय होतं हे मी लिहीत नाही, कारण त्यांच्या वतीने बोलण्याची माझी सवय मला आता सोडायची आहे.

ठरलं असं की देवासचा प्रश्न एवढ्यात विचारायचा नाही. आधी सहा आठवडे ‘नाही’ शिकायचं. टेम्पोच्या आदल्या दिवशी विचारू. खरं सांगते, मी हे कबूल केलं ते रीत म्हणून. खोल्या घेतलेल्या, आईचे गुडघे तसेच, शाळा जुलैत सुरू. योग्य काय ते मला माहीत होतं. बाबांनाही ते पटेल, एवढंच.

कामाला सुरुवात झाली. मी घरभर फोटो काढले. बाबांचा पितळी तांब्या, त्यांच्या चपला, खिडकीतला रेडिओ, पत्रकांचा गठ्ठा, दुकानासमोरचा बाक. प्रत्येक फोटोला आईचा आवाज द्यायचा होता. आई मोबाइलसमोर पदर सावरून बसायची आणि देवघरातल्यासारखी गंभीर होऊन म्हणायची, “अहो, हे काय आहे?”

गाडी अडली ती तिच्या स्वतःच्या फोटोवर. उत्तराच्या रकान्यात काय लिहायचं? मी नाव लिहिलं. आई म्हणाली, “ते कुठे माझं नाव घेतात?”

खरंच. लग्नानंतर सत्यनारायणाच्या दिवशी पाटावर घेतलं असेल तेवढंच. माझ्या जन्मापासून मी बाबांच्या तोंडून आईचं नाव ऐकलेलं नाही, आईच्या तोंडून त्यांचं नाही.

“मग काय लिहू?”

आई लाजली. साठीला आलेली बाई, टॅबलेटकडे बघून लाजली. “‘अगं’ लिही.”

रकान्यात मी ‘अगं’ लिहिलं. जगातल्या कुठल्याही ॲपमध्ये बायकोच्या फोटोखाली हे उत्तर नसेल.

‘नाही’ शिकवायचं काम दोस्तांनी घेतलं. त्या मुलीने त्यांना सांगितलं होतं की साफ खोटी वाक्यं बोलून नोंदवायची, बाबांनी ती नाकारायची. आधी पडद्यावरच्या लाल चौकोनावर बोट ठेवून, मग तोंडाने. खोटं बोलायला त्या माणसाला तयारी लागत नव्हती. एका बैठकीत त्यांनी वीस वाक्यं बोलून टाकली.

“भिया, शतरंज में तू मेरे से कभी नी जीता.”

“भिया, तेरे पर्चे तो में भट्टी सुलगाने में लेता था.”

“भिया, पोहे तो इंदौर के ही अच्छे.”

पहिले काही दिवस बाबांचं बोट हिरव्यावरच जायचं आणि “हो” निघायचा. मग एकदा इंदूरच्या पोह्यांच्या वाक्यावर त्यांनी लाल चौकोन असा दाबला की टॅबलेट मांडीवरून घसरला. दोस्त दारातच उभे होते. “अब आया मेरा भिया,” ते म्हणाले आणि डोळे पुसायला अंगणात गेले. बाबांच्या जिभेवर अजून काही आलं नव्हतं. फक्त टाळूला जीभ लावून ‘न’ची तयारी व्हायची आणि विरायची.

त्यात मी आडवी येत होते. बाबांचे ओठ हलले की मी शब्द पुरवायचे. पाणी? चष्मा? पंखा बंद करू? आमच्याकडे मोठ्या माणसाला अडखळत ठेवणं हा उद्धटपणा समजतात. पाहुणा उठण्याआधी पाट सरकवायचा, ताटातलं संपण्याआधी वाढायचं, तसं त्यांचा शब्द संपण्याआधी मी तो हातात द्यायचे. ती मुलगी तीन आठवडे बघत राहिली, मग म्हणाली, “दीदी, आप बहुत अच्छा बोलती हो. इसीलिए काकाजी नहीं बोल पा रहे.”

मला राग आला. ज्यांना आवाज नाही त्यांचा आवाज व्हायचं, हे तर मी घरातून शिकले होते. कामगारांच्या पत्रकावर मी हेच लिहिते. पण देवासला परतताना बसमध्ये आठवलं की त्या कामगारांच्या सभेतही सगळ्यात जास्त वेळ मीच बोलते.

तिने नियम दिला. प्रश्न विचारायचा आणि मनात दहापर्यंत मोजायचं. ओठ हलले तरी मोजायचं. डोळे भरले तरी मोजायचं. दहा झाले की पुन्हा दहा. दहा आकडे किती लांब असतात, हे मला तोवर माहीत नव्हतं.

त्या नियमाने पहिलं फळ आईला दिलं. जूनच्या मध्यावर ती ओट्याशी पाठमोरी उभी राहून कणीक मळत होती. बाबा दारात येऊन उभे राहिले. तिला चाहूल लागली, पण ती वळली नाही, मोजत राहिली. मी बाहेरच्या खोलीत होते.

“अगं,” बाबा म्हणाले.

आईने कणकेचे हात तसेच ठेवून विचारलं, “काय?”

पुढचा शब्द आला नाही. त्यांनी हाताने चहाची खूण केली. आईने चहा टाकला, आणि उकळून पातेल्याबाहेर जाईपर्यंत तिला त्याची आठवण राहिली नाही.

मग तो शनिवार आला. मी धारला पोचले तेव्हा अर्धी बांधाबांध झाली होती. भांडी खोक्यात, गाद्या गुंडाळलेल्या. पत्रकांचा गठ्ठा मी स्वतः दोरीने बांधला. चहा झाल्यावर आम्ही तिघं जमिनीवर बसलो. टॅबलेट मध्ये होता.

“बाबा,” मी म्हणाले, “उद्या टेम्पो येणार आहे. देवासला राहायला जायचं?”

आई काहीतरी बोलणार होती. मी तिच्या हातावर हात ठेवला. एक. दोन. बाबांनी बांधलेल्या गठ्ठ्याकडे बघितलं. पाच. सहा. ओठ हलले. माझ्या जिभेवर पाच वाक्यं तयार होती. दहा झाले. मी पुन्हा एकपासून सुरुवात केली. कपातल्या उरलेल्या चहावर साय धरली होती. सात म्हणताना त्यांची जीभ टाळूला लागली.

“ना…”

आठ. नऊ.

“नाही.”

पूर्णविराम. त्यांच्या पत्रकासारखाच.

मला आनंद व्हायला हवा होता, आणि झालाच, पण त्याआधी मी वाद घातला. आईचे गुडघे, जवळचा दवाखाना, तळमजला, माझी काळजी. मुद्देसूद, क्रमवार. बाबा शांतपणे माझं संपायची वाट बघत होते. बहुधा तेही मोजत होते.

“नाही,” ते म्हणाले.

मग टॅबलेट ओढून त्यांनी एक एक फोटो सरकवला. तांब्या, चपला, रेडिओ. बाकाच्या फोटोवर थांबले. बोट ठेवलं. “इथं.”

मग ते माझ्याकडे बोट करून काहीतरी शोधू लागले. शब्द सापडत नव्हता. तेव्हा त्यांनी आरतीसारखा पाठ केलेला रस्ता धरला. बोटं मोजत, भरभर म्हणत गेले, “रविवार, सोमवार, मंगळवार, बुधवार, गुरुवार, शुक्रवार, शनिवार,” आणि शनिवारवर थांबले. बोट पुन्हा माझ्याकडे.

“ये,” ते म्हणाले.

मी टेम्पोवाल्याला फोन लावला. तो म्हणाला, “दीदी, कैंसिल पक्का ना? बाद में मत बोलना.”

“पक्का,” मी म्हणाले. “बाबांनी सांगितलंय.”

गाद्या पुन्हा उलगडल्या. देवासच्या त्या खोल्यांत मी एकटीच राहायला गेले. आईच्या मदतीला सकाळी एक बाई येते, दुपारी दोस्त डोकावतात. रोज संध्याकाळी टॅबलेटवर आम्ही भेटतो आणि मी कमी बोलते, निदान प्रयत्न करते.

बाबा बरे झाले असं मी म्हणणार नाही. पूर्वीसारखं बोलणं परत आलेलं नाही, कदाचित येणारही नाही. पण दोन-तीन शब्दांची वाक्यं येतात, तिन्ही भाषांची मिसळ असलेली. बाकावर रोज सकाळी भांडण होतं. दोस्त दहा वाक्यं बोलतात, बाबा एक शब्द बोलतात, आणि जिंकतात. परवा कामगारांसाठी लिहिलेलं माझं नवं पत्रक आईने त्यांना वाचून दाखवलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं, मोठा श्वास घेतला आणि म्हणाले, “लांब.” मी निम्मं कापलं. आता कामगारांच्या सभेत मी आधी विचारते आणि मग थांबते. शांतता फार वाढली की कोणीतरी बोलतंच, आणि ते माझ्या पत्रकात नसलेलं असतं.

आता तुमच्याकडे एक मागणी आहे. मी पत्रकांवर वाढलेय, मागणी केल्याशिवाय मला थांबता येत नाही. तुमच्या गल्लीत, नात्यात, जुन्या कचेरीत असा एक माणूस नक्की आहे, ज्याची वाचा अपघातात किंवा झटक्यात गेली आणि काय बोलावं हे न कळल्यामुळे तुम्ही त्याच्याकडे जाणं सोडलंत. या रविवारी त्याच्याकडे जा. हळू बोला, पण मोठ्याने नको, त्याला ऐकू येतं. ज्या मिसळलेल्या, ओबडधोबड भाषेत तुम्ही दोघं पूर्वी बोलायचात त्याच भाषेत त्याला एक खराखुरा प्रश्न विचारा, ज्याचं उत्तर तुम्हाला हवं आहे असा. आणि मग त्याच्या तोंडात शब्द घालू नका.

मनात दहापर्यंत मोजा. दहा झाले की पुन्हा एकपासून.